वाचक बाबासाहेब



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र त्यात असणारच. दरवर्षी असते. महाडचा संगर, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी हे सगळे आता आपल्या पोराबाळांनासुद्धा तारखांसकट पाठ आहे. भाषण स्पर्धेला उभी राहिलेली पाचवीतली मुलगी न अडखळता सगळं सांगते. म्हणून यंदा आम्ही ठरवले, की त्याच चरित्रातला एकच धागा धरायचा आणि शेवटपर्यंत ओढत न्यायचा. तो धागा पुस्तकाचा. बाबासाहेब पुस्तके फार वाचत, एवढे सगळेच सांगतात. पण ती त्यांना मिळाली कशी, कोणी दिली, कोणी नाकारली, आणि आपल्याला मिळालेली पुस्तके आपल्या लोकांना कशी मिळतील याचा त्यांनी किती घोर केला, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्याकडे पाण्यासाठी लढाई झाली हे जगाला माहीत आहे. वाचायच्या हक्कासाठीही झाली, ती मात्र चुपचाप आणि जास्त वर्षे चालली.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. मूळ गाव मात्र आपल्या कोकणातलेच, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी आणि शिक्षणाचे भोक्ते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला, तिथून साताऱ्याला आले. साताऱ्याच्या शाळेत भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. ही हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या शेजारी दुसरी ठेवून बघा. हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले नाही. अस्पृश्याला संस्कृत नाही, म्हणून नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. कोणी म्हणेल, एक विषय नाही मिळाला तर काय एवढे? पण ज्या ग्रंथांच्या आधारावर आपल्याला गावाबाहेर ठेवले ते सगळे ग्रंथ संस्कृतात होते. ज्याच्यावर खटला आहे त्यालाच खटल्याचे कागद वाचू द्यायचे नाहीत, असा हा प्रकार. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकून घेतले आणि ते सगळे कागद उलगडून वाचले. त्याविषयी पुढे येईलच.

मुंबईला आल्यावर परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, सरपण, झोपणे आणि अभ्यास. दोघांना एकदम झोपायला जागा नाही, म्हणून मुलगा आधी झोपे आणि सुभेदार जागत. रात्री दोन वाजता ते मुलाला उठवत आणि मग त्याच जागेवर स्वतः अंग टाकत. मुलाला शाळेच्या पुस्तकांपेक्षा बाहेरच्या पुस्तकांचे वेड जास्त. तेव्हा वाचनालयातून आणावीत अशी सोय आपल्यासारख्यांना नव्हती, पुस्तक म्हणजे विकतच घ्यायचे. पेन्शन किती आणि त्यात भागायचे काय? सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात. मुलीकडे रोकड नसली तर तिचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण टाकत आणि मुलाला पुस्तक आणून देत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत करत. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाच्या तळाशी दोन बहिणींचे दागिने आहेत, हे आमच्या मुलींनी विशेष लक्षात ठेवावे.

याच दिवसांत एक चांगला माणूस भेटला. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर रोज येत. एक पोरगा रोज पुस्तकात डोके घालून बसलेला दिसतो, म्हणून त्यांनी चौकशी केली. जात कळली तरी केळूसकर बाजूला सरकले नाहीत. उलट स्वतःची पुस्तके देऊ लागले, काय वाचावे ते सांगू लागले. आजच्या भाषेत बोलायचे तर बाबासाहेबांचे पहिले ग्रंथपाल केळूसकर गुरुजी. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा चाळीत सत्काराची सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. त्या सभेत केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाच्या हातात ठेवले. चाळीतल्या सभेत भेट मिळालेले ते एक मराठी पुस्तक, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखोंच्या साक्षीने घेतलेली दीक्षा. मध्ये ४९ वर्षे गेली. पुस्तक कधी उगवेल सांगता येत नाही. बोल्यांचे नावही ध्यानात असू द्या, ते पुढे महाडच्या प्रकरणात परत येते.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या ग्रंथालयात शिरताना कोणी जात विचारली नाही. दार उघडायच्या वेळी आत जायचे आणि बंद व्हायच्या वेळी बाहेर यायचे. साध्या गोष्टीचा माणसाला केवढा आनंद होत असेल! पोटाला चिमटा काढून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे २००० पुस्तके जमवली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. ती सगळी काही घरी पोचली नाहीत. १९१६ साली लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. स्वतः एका बोटीने आले, सामान दुसऱ्या बोटीने पाठवले. ती बोट पाणतीराने बुडाली. पुस्तके समुद्राच्या तळाला! नुकसानभरपाईचे जे पैसे हाती आले, त्यांतूनच बडोद्याला नोकरीवर जायचा खर्च भागवला.

बडोद्याची हकिगत आम्ही थोडी सावकाश सांगतो. कारण त्या वेळी सबंध हिंदुस्थानात वाचनालयांच्या बाबतीत बडोदे संस्थानाच्या पुढे कोणी नव्हते. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल मुद्दाम बोलावून घेतला. शहरात मोठे मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगाव मोफत वाचनालये, आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या फिरत्या पेट्या, अशी व्यवस्था बसवली. महाराजांची दानत खरीच मोठी, त्यात शंका नाही. पण त्याच शहरात महाराजांच्या खर्चाने शिकून आलेल्या अधिकाऱ्याला राहायला खोली मिळेना. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत आणि प्यायला पाणी मिळत नसे. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव सांगून ते राहिले. रिकामा वाडा, अडगळीने भरलेली मोठी खोली आणि एक कंदील. त्या मिणमिणत्या उजेडात ते वाचत बसत आणि एकटेपण विसरत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी सुटेपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले. गावोगाव वाचनालय काढता येते, पण त्याच गावातले मन उघडणे हे कपाट उघडण्याइतके सोपे नसते. हे बाबासाहेबांनी बडोद्यात स्वतःच्या अंगावर अनुभवले.

मुंबईला सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तिथेही पाण्याच्या भांड्यावरून कुरबुर होतीच. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला २५०० रुपयांची मदत केली. ‘केसरी’ने मात्र पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला. म्हणजे आपले पत्र निघाले आहे एवढी बातमीही लोकांना कळू द्यायची नाही! आपल्या माणसांनी त्यावर तोड काढली. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. पेण-रोह्याकडची मंडळी त्या काळी धरमतरहून लाँचने मुंबई गाठत, परळ-नायगाव-वरळीच्या चाळींत राहत आणि गिरण्या-गोद्यांत राबत. चाळीच्या जिन्यात कंदिलाखाली ‘मूकनायक’ आणि पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ असे मोठ्याने वाचले जाई. शिमग्याला गावी येणारा माणूस पिशवीतून तोच जुना अंक घेऊन यायचा, असे आमची म्हातारी मंडळी सांगत. अक्षरशत्रू माणसालाही वाचनालयाचा सभासद होता येते, ते असे.

अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमचे वाचनगृह, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, विद्यापीठाचे ग्रंथालय, सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाच दिवस. दुपारचे जेवण परवडत नसे. रात्री बिऱ्हाडी आल्यावर पापड खाऊन पुन्हा वाचन. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. लोक या पदव्या मोजतात. आम्हाला मात्र इथे रमाई आठवते. इकडे परळच्या चाळीत त्या तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. लेकरे आजारी पडत होती, जात होती. रमाई आणि बाबासाहेबांची चार मुले बालपणीच गेली. बाबासाहेबांच्या पुस्तकांची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही. पुस्तकवेड्या नवऱ्याच्या बायकोला काय सोसावे लागते हे चरित्रात दोन ओळींत उरकतात, ते आम्हाला पटत नाही.

परत आल्यावर त्यांनी पहिली संस्था काढली ती २० जुलै १९२४ ला, बहिष्कृत हितकारिणी सभा. तिचे उद्देश कोणी काढून वाचावेत. वसतिगृहे काढणे, वाचनालये काढणे, अभ्यासवर्ग चालवणे. सगळ्या चळवळीच्या आधी, महाडच्याही तीन वर्षे आधी, उद्देशांत वाचनालय लिहिलेले आहे. सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले आणि मुंबईत मोफत वाचनालय चालवले. यातल्या ‘मोफत’ शब्दाकडे लक्ष द्या. त्या वेळी मुंबईत, पुण्यात, तालुक्याच्या गावांतसुद्धा वाचनालये होती आणि चांगली होती. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे, ठाण्याचे १८९३ चे. मराठी भाषेवर या संस्थांचे उपकार आहेत. पण वर्गणी, वर अनामत रक्कम, जामीन म्हणून कुणा सभासदाची सही आणि नोकरदार लोकांच्या सोयीची वेळ असा वाचनालयांचा सर्वसाधारण रिवाज. अस्पृश्यांना प्रवेश नाही अशी पाटी लावायची गरजच काय होती? गिरणीतून रात्री सुटणाऱ्या माणसाला सहाला बंद होणारे दार पुरेसे बंद असते. सही देणारा सभासद आपल्या आळीत कुठून यायचा? आणि एवढे करून कोणी आत गेलाच, तर कपाटात त्याच्या जातीविषयी, त्याच्या दुःखाविषयी त्याच्याच माणसाने लिहिलेले एकही पुस्तक नाही. परळला ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी फिरती वाचनालये चालवली, ही त्यातली सन्मान्य गोष्ट. लीगच्याच दामोदर हॉलच्या इमारतीत बाबासाहेबांचे कार्यालय होते.

आता बोल्यांकडे येऊ. चाळीतल्या त्या सत्कार सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले पुढे मुंबई कायदे कौन्सिलात गेले. ४ ऑगस्ट १९२३ ला त्यांनी ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टे, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले, पाणी मात्र कोणी पिऊ शकला नाही. दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोऱ्यांना याच महाडात इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला होता. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून बोभाटा केला तेव्हा कुठे शाळा नमली. याच मोऱ्यांनी खटपट करून बाबासाहेबांना महाडला आणले. १९ आणि २० मार्च १९२७ ची ती परिषद नावानेच कुलाबा जिल्ह्याची, म्हणजे आपलीच होती. पेण आणि रोहे हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचेच तालुके, जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. त्या परिषदेत पाणी तर प्याले गेलेच, पण शिक्षण सक्तीचे करावे, मेलेल्या जनावराचे मांस सोडावे असेही ठराव झाले.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. मुंबईहून मंडळी ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरली आणि तिथून महाडला गेली. कोर्टाचा मनाई हुकूम आला म्हणून तळ्यावर जाणे थांबले, पण २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

इथे एक प्रश्न आम्हाला तरुण मुले विचारतात, आणि तो रास्त आहे. ज्याने पुस्तकांवर जीव टाकला त्याने पुस्तक का जाळले? वाचायचे स्वातंत्र्य म्हणायचे आणि पुस्तकाला काडी लावायची, हे कसे? आम्हाला समजते ते असे. त्या पुस्तकात शूद्रासमोर वेद म्हणू नयेत, त्याला उपदेश करू नये अशा आज्ञा आहेत. म्हणजे ते पुस्तक स्वतःच वाचनालयाच्या दाराला लावलेले कुलूप होते. जाळली ती एक प्रत, तीही उघडपणे, निषेध म्हणून. ते पुस्तक कोणी वाचू नये म्हणून नव्हे. खरे तर मनुस्मृती त्यांच्याइतकी बारकाईने फार थोड्यांनी वाचली असेल. शूद्र पूर्वी कोण होते हा शोध त्यांनी १९४६ साली छापला आणि अस्पृश्य मूळचे कोण हा १९४८ साली. त्या दोन्ही ग्रंथांत मनूचे श्लोक पानोपानी येतात. ज्याला संस्कृत शिकू दिले नव्हते त्याने ते वाचले, तपासले आणि उत्तर दिले. पुस्तक दडपून टाकणारा माणूस त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नाही. हा फरक आपल्या पोरांना नीट समजावून सांगायला हवा. कारण आज कुणाला एखादे पुस्तक आवडले नाही की आपल्यातलेही काहीजण लगेच बंदी मागायला निघतात. चवदार तळ्याचा खटला हायकोर्टापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने लागला.

दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले, तेही मुळात पुस्तकांसाठी. चाळीच्या खोलीत पुस्तके मावेनात. खाली कुटुंब आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय अशी रचना. नाव बुद्धकाळातल्या राजधानीचे. १९३३ च्या सुमारास राहायला गेले आणि २७ मे १९३५ ला त्याच घरात रमाई गेल्या. राजगृहातला संग्रह हजारोंच्या घरात गेला. खाजगी संग्रह म्हणून त्याची ख्याती अशी झाली, की तो बनारसच्या विद्यापीठासाठी विकत मागितला गेला, आणि बाबासाहेबांनी तो दिला नाही, असे सांगतात. पुस्तक घराबाहेर जाऊ द्यायला ते नाखूष असत. आजच्या ग्रंथपालांना हे चालणार नाही, पण ज्याने पुस्तके समुद्रात बुडालेली पाहिली त्याची ही माया आम्हाला कळते.

वाचायच्या हक्काची एक जोडगोष्ट आहे, ती म्हणजे लिहिलेले जसेच्या तसे छापले जाण्याचा हक्क. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. छापलेले भाषण आधी वाचल्यावर मंडळी बिचकली. हे वाक्य गाळा, तो भाग गाळा, असे सुचवू लागली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने पुस्तक करून काढले. १५०० प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. जे लाहोरच्या मांडवात काही शेकड्यांनी ऐकले असते ते जगभर वाचले गेले, आजही वाचले जाते. जातिप्रथेचे विध्वंसन हेच ते.

पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्यांनी ८ जुलै १९४५ ला स्थापन केली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. वर्ग सकाळी, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावे. कॉलेजच्या ग्रंथालयाकडे त्यांचे स्वतःचे लक्ष असे. ग्रंथपाल एस. एस. रेगे यांनी त्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. पुढे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले, आणि त्यांच्या पश्चात संस्थेने महाडलाही कॉलेज काढले. आपल्या भागातली कितीतरी मुले तिथून पदवीधर होऊन बाहेर पडली.

राज्यघटनेचे श्रेय त्यांना देताना आपण सतरावे कलम सांगतो, अस्पृश्यता नष्ट झाली ते. पंधरावेही वाचावे. सरकारी पैशाने चालणाऱ्या वा जनतेसाठी दिलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि लोकांनी एकत्र यायच्या जागा जातीच्या कारणावरून कुणालाही नाकारता येणार नाहीत, असा त्याच्या दुसऱ्या पोटकलमाचा अर्थ आहे. बोल्यांचा ठराव आणि चवदार तळे दोन्ही त्यात आले. सरकारी पैशाने चालणारे सार्वजनिक वाचनालयही त्यात आले, असे आम्ही समजतो.

शेवटच्या वर्षांत प्रकृती पार ढासळली होती, तरी दिल्लीच्या २६, अलिपूर रोडवरच्या घरी रात्र-रात्र लिहिणे चालू होते. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ पुरा होत आला होता. १४ सप्टेंबर १९५६ ला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बुद्धजयंतीचे २५०० वे वर्ष साजरे होत आहे, तेव्हा सरकारने या ग्रंथाच्या सुमारे ५०० प्रती घेऊन वाचनालयांना आणि येणाऱ्या विद्वानांना वाटाव्यात, अशी विनंती केली. माणूस घटनेचा शिल्पकार, शरीर थकलेले, आणि मागणी काय? तर वाचनालयांत माझे पुस्तक ठेवा. नेहरूंनी पुस्तकांसाठीची तरतूद संपल्याचे कळवले आणि पत्र जयंती समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवून दिले. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. आदल्या रात्री त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्याजवळ होते. १९५७ साली सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने तो ग्रंथ काढला.

चरित्र इथे संपते, पण पुस्तकाचा धागा संपत नाही. बाबासाहेबांचे अप्रकाशित कागद कितीतरी वर्षे पेट्यांत पडून होते. महाराष्ट्र शासनाने पहिला खंड १९७९ साली काढला. संपादक वसंत मून, नागपूरचे. त्यांनी आयुष्य या कामाला दिले आणि त्यांचे ऋण आपण पुरेसे मानत नाही. १९८७ साली चौथा खंड निघाला, हिंदू धर्मातील कोड्यांचा. त्यातल्या राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून गदारोळ उठला. ते प्रकरण गाळा म्हणून मोर्चे निघाले आणि शासन कचरले. मग १९८८ च्या फेब्रुवारीत आपली जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली, बायकामाणसे लेकरे कडेवर घेऊन आली. मागणी भाकरीची नव्हती, जमिनीचीही नव्हती. एका इंग्रजी पुस्तकातले एक प्रकरण जसेच्या तसे राहू द्या, एवढीच होती. त्या मोर्चातल्या बहुतेकांना ते इंग्रजी वाचता येत नव्हते! तरी वाचणारा उद्या येईल म्हणून ते चालले. शेवटी शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप घालून ते प्रकरण राहिले. 

बंदी घालायची एक शांत पद्धतही असते. पुस्तक छापायचेच नाही. खंड बाजारात मिळेनासे झाले. शासनाने ९ लाख प्रती छापायचे ठरवले, त्यातल्या फक्त ३३ हजारांच्या आसपास छापून झाल्या, अशी बातमी २०२१ च्या नोव्हेंबरात वर्तमानपत्रात आली. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. आता खंड मोबाईलवरही वाचता येतात, पण साठीच्या माणसाने ते बारीक अक्षर बोटाने मोठे करत किती वाचावे?

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. त्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदान दिले, अ, ब, क, ड असे दर्जे लावले. त्याच्या कितीतरी आधी, १९३१ मध्ये, मद्रासच्या रंगनाथनांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतल्या एकाचा मथितार्थ असा, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. आपल्या भागातले चित्र बघावे. जवळच्या एका वाचनालयात आम्ही दोघे-तिघे चौकशीला गेलो. वागणूक चांगली, चहाही दिला. बाबासाहेबांच्या नावाने एका कपाटात सात पुस्तके होती, पैकी पाच शाळकरी चरित्रे आणि सगळी जयंतीपुरती बाहेर काढलेली. खंड एकही नाही. मागितले तर आणून देऊ म्हणाले, पण आजवर कोणी मागितले नाही, असेही म्हणाले. यात दोष त्यांचा किती आणि आपला किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मागणीची वही तिथल्या टेबलावरच असते. त्या दिवशी आम्ही तिच्यात चार खंडांची नावे लिहून आलो आणि वर्षभरात त्यांपैकी दोन आले. ते घरी नेणाऱ्यांत पहिली आपल्या आळीतली डी.एड.ची मुलगी होती.

विहारात वर्षावासाला बुद्ध आणि त्यांचा धम्म याचे वाचन आषाढ पौर्णिमेपासून सुरू होते. आपल्याकडे तेव्हा भातलावणी ऐन भरात असते, म्हणून पहिले पंधरा दिवस माणसे कमी जमतात. रात्री साडेआठला, चिखलाचे पाय धुऊन, येतील तेवढी येतात. वाचायची पाळी आता बहुतेक मुलींकडे असते. त्या भराभर वाचतात, तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या बाया त्यांना थांबवतात आणि मागचं पान परत वाचायला लावतात.